थंडी छापायचं काम

अंबडच्या शेडमध्ये, रात्री अडीच वाजता,
इरफान तांबोळीने शेवटचा स्क्रू
केसभर फिरवला आणि म्हणाला,
आता हात लावू नका. श्वाससुद्धा तिकडे तोंड करून सोडा.

चार आरसे. मधे स्फटिक,
खडीसाखरेच्या लांबट खड्याएवढा,
तांब्याच्या घरट्यात ठरल्या अंशावर उबवत ठेवलेला.
तांबडा उजेड आठाच्या आकड्यात फिरत राहतो,
आपल्याच पावलांवर पाऊल टाकत,
काकवीसारखा दाट होत जातो,
आणि स्फटिकातून जाताना कधीतरी
त्यातले दोन कण एकमेकांत विरतात.
बाहेर पडतो एकच,
दुप्पट घाईचा,
डोळ्यांना न दिसणारा.

न दिसणारा म्हणजे काय
हे मला सातवीत कळलं, नाशिकरोडला,
मामाच्या दुकानात, गल्ल्याशेजारच्या जांभळ्या दिव्याखाली.
वडील प्रेसमधून सुटून थेट तिथे यायचे.
दिवसभर नोटा पाहिलेला माणूस
पुन्हा नोटच धरायचा दिव्याखाली
आणि कोऱ्या जागेतून उगवायचे
हिरवे, निळे, तांबडे तंतू.
त्यांची बाही पण पेटायची,
साबणाने लपवलेला पांढरा उजेड.
नोटेला विचारायचं नाही खरी आहेस का, ते म्हणायचे,
उजेडाला विचारायचं.

म्हणून मीही कागदाला विचारते.
साधं व्हिजिटिंग कार्ड आरशापलीकडे धरते
आणि त्यावर निळा ठिपका उमटतो.
तीनशे एकोणसत्तर नॅनोमीटर.
इरफान चष्मा सारखा करतो. काही बोलत नाही.
मग म्हणतो, चहा?

चहा नको. अजून तो यायचाय.

तिकडे नळीत, जिथून हवासुद्धा काढून घेतलीय,
चार दांड्यांच्या मधोमध
इटर्बियमचा एक अणू उड्या मारतोय,
एक इलेक्ट्रॉन गमावलेला, भट्टीतून नुकता सुटलेला,
जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा.
त्याला धरायचं नाही. थकवायचं.
उजेडाचा सूर मुद्दाम किंचित उतरता ठेवायचा,
म्हणजे थांबलेल्याला तो नीटसा लागत नाही,
धावत समोर येणाऱ्यालाच बरोबर लागतो.
छातीवर थाप. मागे.
पुन्हा आला, पुन्हा थाप.
सेकंदाला लाखो थापा,
एवढ्या हलक्या की एकीचाही राग येऊ नये.

या वेळी निफाडला पारा चारवर उतरलाय.
बागांमध्ये शेकोट्या लावल्या असतील,
घडांवर दव गोठू नये म्हणून
धूर बांधाबांधाने सरकत असेल.
तिथे उजेड लावून थंडी हाकलतात.
मी इथे उजेड लावून
थंडी आत बोलावत बसलेय.
कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील,
वडिलांनी काढलंच नाही.
त्यांनी एवढंच विचारलं होतं,
तुम्ही तिथं छापता तरी काय?
मी म्हटलं, थंडी.
मग नंबर नीट घाला, म्हणाले, एकावर एक.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी
कॅमेऱ्यात एक ठिपका आला.
मोहरीच्या दाण्याहून लहान.
थरथरला. मग थरथरायचा थांबला.
मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला
गोष्ट सांगण्यासारखं काहीच वाटलं नाही,
फक्त पाय गार पडलेत हे जाणवलं.

तेवढ्यात बाहेरच्या रस्त्याने
लोखंडी सळयांचा ट्रेलर गेला,
टेबल हललं असेल एका धुळीच्या कणाएवढं,
आरशांतला उजेड चुकला, ठिपका विझला.

इरफानने पुन्हा स्क्रू शोधायला घेतला.
मी कार्ड पुन्हा आरशापलीकडे धरलं.
काळोखात माझी पांढरी बाही
कोपरापर्यंत निळी पेटली.